एक चादर जास्त

तळ्याच्या काठी राहण्याच्या आठ जागा आहेत. माहितीपत्रकात प्रत्येकीला एकशे वीस शब्द ठरले होते. खोल्या किती, गरम पाणी आहे का, रस्ता कसा, आणि शेवटी जागेच्या इतिहासाची दोन-तीन वाक्यं. हे काम पर्यटन कार्यालयाने एका निवृत्त मुद्रितशोधकाला दिलं होतं. तो वही आणि मोजपट्टी घेऊन बसने काठाकाठाने फिरत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो उत्तर काठावरच्या घरी पोचला.

"आत्या, माहितीवाला आलाय," पुतणीने आत आवाज दिला, आणि हेच त्याचं नाव पडलं.

आत्या चौसष्ट वर्षांची. घर तिच्या वडिलांनी बांधलेलं. आता फोन आणि बुकिंग पुतणी सांभाळते, खोल्या आणि कपडे आत्या. माहितीवाल्याने एकेक दार उघडून खोल्या मोजल्या. खाली चार, वर तीन. वरच्या मजल्यावर टोकाला आणखी एक दार होतं.

"ही आठवी?"

"ही माझी."

"भाड्याने देता?"

"एकदाच दिली होती," आत्या म्हणाली आणि पुढे झाली.

गच्चीवर दोन लोखंडी खांब होते आणि त्यांच्यामध्ये ताणलेली दोरी. दोरी नवी होती.

"हे कशासाठी?"

"काही नाही, हौस," पुतणी म्हणाली. "दर दोन वर्षांनी आत्या दोरी बदलते आणि तिच्यावर काही वाळत घालू देत नाही. आमचे कपडे मागच्या अंगणात कुजतात."

"मागच्या अंगणात ऊन असतं," आत्या म्हणाली.

"चार वाजेपर्यंत."

मग आत्याने त्याला पद्धत सांगितली. रस्ता व्हायच्या आधी उत्तर काठावर यायला होडीशिवाय वाट नव्हती. होडी दुपारी साडेचारला दक्षिण काठावरून निघायची, रात्री इकडेच थांबायची आणि सकाळी परत जायची. टेलिफोन नव्हता. म्हणून रिकाम्या खोलीमागे एक पांढरी चादर दोरीवर घालायची, दोन चादरींमध्ये हातभर जागा सोडून. चादरीच्या खालच्या दुमडीत लाकडी काठी, म्हणजे वाऱ्याने ती गुंडाळायची नाही. नावाडी पलीकडच्या धक्क्यावर उभा राहून चादरी मोजायचा आणि तेवढ्याच खोल्यांपुरते मुक्कामी होडीत घ्यायचा. बाकीच्यांना तिकडच्याच लॉजवर पाठवायचा. मधलं पाणी दीड किलोमीटर आहे. हवा स्वच्छ असली की मोजता यायचं.

"चूक नाही व्हायची कधी?" माहितीवाल्याने लिहिता लिहिता विचारलं.

"एकदा झाली."

तो थांबला. आत्या जिन्याकडे वळली. त्याने वही मिटली.

चूक झाली तेव्हा आत्या तेवीस वर्षांची होती. चादरी घालणं तिचं काम, कारण वडिलांचे गुडघे गेले होते आणि ते गच्चीवर चढत नसत. त्या दिवशी एकच खोली रिकामी होती. अंगणातलं ऊन गेलेलं, म्हणून तिने एक धुतलेली चादर त्याच दोरीवर वाळत टाकली. वारा अजिबात नव्हता. नावाड्याने दोन मोजल्या. होडीतून एक जोडपं उतरलं आणि त्यांच्यामागे एक माणूस, हातात लाकडी पेटी आणि दोरीचं मोठं वेटोळं. तळं किती खोल आहे ते मोजायला सरकारने त्याला पाठवलं होतं.

"तळ्याची खोली मोजायला आलेल्याला आमच्याकडे खोली नाही," वडील म्हणाले आणि स्वतःच हसले. पण हसणं तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धक्क्यावर, सगळ्या प्रवाशांदेखत, नावाड्याची लाज काढली. दोनापर्यंत मोजता येत नसेल तर म्हशी राख, असं म्हणाले.

आत्याने आपली खोली मोजणीदाराला दिली आणि कपड्यांच्या कोठीत गादी टाकली. तो एकोणीस दिवस राहिला. रोज होडगं घेऊन जायचा, शिशाचं वजन दोरीने सोडायचा आणि आकडे लिहायचा. दोरीवर मीटरमीटरला खूण हवी होती. जुन्या खुणा निघून गेल्या होत्या. आत्याने एक फुलाफुलांचा जुना उशीचा अभ्रा फाडला आणि दोघांनी मिळून चिंध्या बांधल्या. चाळीस गाठी. चाळीस गाठी मारायला दोन संध्याकाळी लागायचं कारण नव्हतं, पण त्या लागल्या.

ते दिवस मंदीचे होते. सातांतली एक खोली रोज रिकामी राहायची. वडील हवेला दोष द्यायचे.

जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, पाणी उतरलं की दुसरी मोजणी आहे, तेव्हा मी येईन. पण नेमका दिवस कार्यालय ठरवतं. पत्र नको, असं तिने आधीच सांगितलं होतं. टपाल वडील फोडायचे. तेव्हा त्यानेच तोड काढली. "तू रोज एक चादर जास्त घाल. मी नावाड्याला सांगून जातो, मोजताना एक सोड. ती माझी. तिच्यावर दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही."

तो गेला त्याच दुपारी तिने एक चादर जास्त घातली, काठी लावून. होडी आली. रिकाम्या खोल्या तीन, चादरी चार, माणसं तीन खोल्यांपुरतीच. म्हणजे निरोप पोचला होता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. नावाड्याने डोळ्यांनीसुद्धा काही सुचवलं नाही आणि तिला तो माणूस भला वाटला. ती रोज धक्क्यावर उतरून विचारायची, "आज एवढेच?" तो म्हणायचा, "एवढेच."

पाणी उतरलं. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी दुसरी मोजणी झाली, पण माणूस दुसराच होता आणि तो दक्षिण काठावर राहिला. त्याला तिने काही विचारलं नाही. रस्ता होऊन होडी बंद झाली तोवर अकरा वर्षं गेली होती. अकरा वर्षं रोज एक चादर जास्त. शेवटच्या फेरीनंतर तिने चादर घडी करून कपाटात ठेवली. दोरी तशीच राहिली.

त्याने शब्द दिला आणि तो आला नाही, एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. त्यावर ती रडत बसली नाही. स्थळं आली, तिने नाही म्हटलं. वडील गेले, भाऊ गेला, पुतणी हाताशी आली. फक्त एक गोष्ट तिला समजून घ्यायची होती, आणि ती विचारायला माणूस नव्हता. आला नाही तो विसरून, की ठरवून?

माहितीवाल्याचा कच्चा मसुदा तीन आठवड्यांनी आला. आठही जागांची पानं आणि शेवटी "तळ्याकाठच्या आठवणी" म्हणून एक पान. चुका असतील तर कळवा, असं त्याने लिहिलं होतं. दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. पुतणी एका हाताने चादरीचं टोक धरून दुसऱ्या हातातला कागद वाचत होती.

"आपलं पान बरोबर आहे. गरम पाणी चोवीस तास लिहिलंय, ते मीच सांगितलं होतं. हे ऐक, नावाड्याची आठवण." ती वाचताना हसायला लागली. "'उत्तर काठावर नेहमी एक चादर वाळत असे, म्हणून मी मोजताना कायम एक वजा करायचो, असे तेव्हाचे नावाडी सांगतात. एकदा एका प्रवाशाने "ती चादर माझी आहे" असा हट्टच धरला. तुमची असेल तर वाळल्यावर घडी घालून घेऊन जा, असे त्यांनी उत्तर देताच धक्क्यावर हशा पिकला.' काय एकेक नमुने असतात ना, आत्या? आत्या, टोक सोडलंस."

चादर जमिनीवर पडली होती. आत्याने ती उचलली नाही.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

पुतणीने वाचलं. या वेळी ती हसली नाही.

सकाळच्या बसने आत्या दक्षिण काठावर गेली. रस्त्याने वळसा घालून पन्नास मिनिटं लागतात. नावाडी आता शहात्तर वर्षांचा. जुन्या तिकीटखिडकीच्या आडोशाला बसून तो पायडलच्या होड्यांवरच्या लाइफ जॅकेटांचे पट्टे शिवत होता.

"ताई! तुम्ही? रस्त्याने आलात होय? होडीने आला असता तर लवकर पोचला असता."

"होडी तुम्हीच बंद केलीत, दादा."

"मी कुठे? सरकारने. मी तर अजून साडेचार वाजले की उठून उभा राहतो. सून म्हणते, बसा, कुणी येत नाहीये." त्याने दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली. "कागद वाचलात? माझी गोष्ट घेतलीय ना?"

"घेतलीय. मला तुमच्या तोंडून ऐकायचीय. सावकाश सांगा."

तो खूश झाला. चाळीस वर्षं सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली होती. "तुमच्या वडिलांनी माझी चार लोकांत शोभा केली. म्हशी राख म्हणाले. मी कानाला खडा लावला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. म्हटलं, या घरात कपडे वाळतात दोरीवर, आपण रोज एक वजाच धरायची. आणि ताई, त्यानंतर एकदा तरी चूक झाली? एकदा तरी जास्त माणूस आणला?"

"नाही."

"बघा!"

"हे वजा करणं कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. बोलणी खाल्ली त्याच दुपारपासून."

आत्याला त्या एकोणीस दिवसांतली रोज रिकामी राहणारी खोली आठवली. तेव्हा ती जास्तीची चादर घालत नव्हती. वजाबाकी मात्र सुरू झालेली होती.

"मोजणीदार गेला त्या सकाळी त्याने तुम्हाला काही निरोप दिला होता का?"

"कोण मोजणीदार?" त्याने सुई थांबवून आठवलं. "तो दोरीवाला? तो गेला तेव्हा मी कुठे होतो! आदला दिवस आणि ती सकाळ मी तापाने पडलो होतो, दुपारीच उठलो. ती फेरी मेहुण्याने केली. मोजताना एक कमी धर, एवढं मी त्याला सांगून ठेवलं होतं. त्या मेहुण्याच्या पोटात कुणाचं गुपित कधी राहिलं नाही, पण कामाचा निरोप मात्र तो अख्खा गिळायचा. गेला बिचारा. का?"

"ज्याने चादर माझी म्हटलं, त्याच्या हातात काय होतं?"

"पेटी होती. आणि दोरी. गाठीगाठीला चिंधी बांधलेली, कसलीतरी फुलाफुलांची. म्हणून तर लक्षात राहिला. एवढा बाप्या माणूस आणि फुलाफुलांची..." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

"पुढे."

"ताई, जाऊ द्या. जुनी गोष्ट."

"पुढे सांगा, दादा."

"पाणी उतरलेलं होतं. एकच चादर दिसत होती. म्हणजे मी धरलं, जागा नाही. तो म्हणाला, एक दिसतेय की. मी म्हटलं, ती वाळत घातलीय. तो म्हणाला, ती माझी आहे. मग मी ते म्हटलं, घडी घालून न्या म्हणून. सगळे हसले."

"तो?"

"तो नाही हसला. त्याने विचारलं, ही रोज असते का? मी म्हटलं, रोज. बारा महिने. पहिल्यापासून. त्या घरातली एक चादर कधी वाळतच नाही." नावाड्याने जॅकेट मांडीवर ठेवलं. "मग तो बाजूला झाला. मी होडी सोडली."

पायडलच्या होड्या एकमेकींवर हलके आपटत होत्या.

"वाळत घातलेली चादर हलते, दादा," आत्या म्हणाली. "माझ्या चादरीला खाली काठी होती. ती सरळ उभी असायची."

नावाड्याने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिचं रोजचं 'आज एवढेच?' त्याला आता ऐकू आलं असावं.

"मी मोजायचो, ताई," तो म्हणाला. "बघत नव्हतो."

तिने त्याला दोष दिला नाही. उठताना जॅकेटचा एक पट्टा उलटा शिवला गेलाय, एवढं दाखवलं. तो उसवायला लागला.

दक्षिण काठावरचं लॉज धक्क्यापासून दोनशे पावलांवर आहे. माहितीपत्रकात त्याच्या इतिहासात लिहिलं आहे की तिथल्या पाहुण्यांच्या नोंदवह्या पहिल्यापासून जपलेल्या आहेत. मालकिणीने आत्याला ओळखलं. दोन्ही घरांत वर्षानुवर्षं थोडी खुन्नस होती, पण तिने काही न विचारता काचेचं कपाट उघडलं.

"कुठलं साल, ताई?"

आत्याने साल सांगितलं. पाणी उतरण्याचे महिने दोनच. वही जाड होती, तरी पान लवकर सापडलं. त्याचं अक्षर तिला ठाऊक होतं. तो आकड्यांच्या शेपट्या लांब काढायचा. नाव. गाव. कामाचे स्वरूप: मोजणी. खोली क्रमांक सहा. शेवटच्या रकान्यात मुक्कामाच्या रात्री. तिथे 'एक' लिहून खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'चार'.

"सहा नंबर कुठे?"

"वर. तळ्याच्या बाजूला. आज रिकामी आहे."

"मला संध्याकाळपर्यंत द्याल?"

"भाड्याचं बोलाल तर देणार नाही," मालकीण म्हणाली आणि किल्ली हातात ठेवली.

खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची होती. खिडकी उत्तरेला. पलीकडे तिचं घर काड्यापेटीएवढं दिसत होतं. चौसष्ट वर्षांत तिने ते या अंतरावरून, असं बसून, कधी पाहिलं नव्हतं. तिने पुतणीला फोन लावला.

"गच्चीवर एक चादर घाल. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. काठीसुद्धा तिथेच आहे."

"कशाला? सगळं फुल आहे आज."

"म्हणूनच."

कागद पुतणीने दोनदा वाचला होता आणि ती खुळी नव्हती. "किती वाजेपर्यंत ठेवू?"

"साडेचार होऊन जाऊ दे."

चार वाजून दहा मिनिटांनी दोरीवर पांढरा ठिपका आला. आधी तिरका, मग कुणीतरी काठी नीट केली असावी, चौकोन झाला. वारा होता. काठावरची झाडं हलत होती, पाण्यावर सुरकुत्या होत्या. चौकोन हलत नव्हता. खुर्ची खिडकीजवळ ओढून ती बघत बसली. इथून स्पष्ट दिसत होतं.

चार दुपारी तो इथे बसला होता. ती चादर पहिल्यापासून रोजचीच आहे, कुणासाठी घातलेली नाही, हे नावाड्याचं म्हणणं खरं आहे का ते त्याने पडताळून पाहिलं असणार. एका आकड्यावर विसंबायची त्याची रीत नव्हती. आणि चारही दुपारी चादर होती, कारण तिने चुकवलीच नव्हती. एखाद्या दिवशी ताप आला असता, विसर पडला असता, तर नावाडी खोटा ठरला असता आणि तो पाचव्या दिवशी होडीत बसला असता. ती विसरली नाही.

पाच वाजता तिने किल्ली परत केली.

"शोधूया का?" घरी आल्यावर पुतणीने विचारलं. तिच्या हातात फोन तयार होता. "नाव सांग. हल्ली सगळे सापडतात."

"तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता."

"म्हणून काय झालं?"

"बघू," आत्या म्हणाली. "आधी त्या माहितीवाल्याला लाव."

माहितीवाल्याने शेवटचं पान दुरुस्त करायला हरकत घेतली नाही. नावाड्यानेही आपली आठवण काढून टाका म्हणून सकाळीच निरोप दिला होता, असं तो म्हणाला. प्रश्न उत्तर काठाच्या पानाचा होता.

"दुरुस्ती काय आहे, मावशी?"

"चादरींची पद्धत लिहिलीय तिच्या शेवटी घाला. 'एक चादर नेहमी जास्त असे. ती वाळत घातलेली नव्हती.'"

पलीकडे लिहिल्याचा आवाज आला. मग मोजल्याचा. "एकशे एकोणतीस होतात. नऊ शब्द जास्त. सगळ्यांना एकच मर्यादा आहे, नाहीतर दक्षिणवाले भांडतील. काहीतरी काढावं लागेल."

"गरम पाण्याचं काढा."

"आत्या!" पुतणी ओरडली.

"पण लोक तेच आधी बघतात, मावशी."

"काढा म्हटलं ना."

पत्रक छापून आलं. आठही जागी दारातल्या टेबलावर ते ठेवलेलं असतं. बसथांब्यावर, पेट्रोल पंपावरही असतं. पहिल्या खेपेला दोन हजार प्रती काढल्या, त्या संपल्या. उत्तर काठावर गरम पाणी मिळतं का, असं लोक आता फोनवर विचारतात. मिळतं, चोवीस तास, असं पुतणी दिवसातून दहादा सांगते आणि आत्याकडे रागाने बघते.

आत्या तेव्हा बहुतेक गच्चीकडे निघालेली असते. चार वाजलेले असतात, आणि काठी दुमडीत सरकवायला हल्ली तिला थोडा वेळ लागतो.